लिंबावरचा मुक्काम

गेवराईच्या अलीकडं कोसभर, सडकेच्या अंगाला एक धर्मशाळा होती. बांधली कुणा सावकारानं, पण तो मरून दोन पिढ्या लोटल्या होत्या आणि आता तिला सगळा मुलूख छबुबाईची धर्मशाळा म्हणत असे. तीन बाजूंना ओवऱ्या, मधे अंगण, अंगणात आड आणि आडाच्या पलीकडं भलंमोठं लिंबाचं झाड. ज्याच्या कनवटीला काही होतं तो पुढं गेवराईला जाऊन उतरे. छबुबाईकडं येत ती पायी चालणारी, फडक्यात पीठ बांधून निघालेली माणसं.

पण गरिबाची म्हणून तिथं आव-जाव घर तुमचं असला कारभार नव्हता. वहाणा बाहेरच्या दगडावर काढायच्या, त्याही जोडीनं. पाय ऊन पाण्यानं धुतल्याशिवाय ओवरीत पाऊल ठेवायचं नाही. माणशी एक चटई, एक वाकळ, जेवायला एक पितळी. पिठलं-भाकरी तव्यावरची मिळे, पण हाक मारल्यावर जो आला नाही तो उपाशी झोपे. सकाळी वाकळेची चौपदरी घडी करून भिंतीशी ठेवायची आणि ज्याच्याकडं द्यायला शेरभर ज्वारी नसेल त्यानं आडाच्या पाच घागरी ओढून द्यायच्या. नियम मोडणाऱ्याला छबुबाई शिव्या देत नसे. नुसती बघायची. त्या बघण्यापेक्षा शिव्या परवडल्या, असं जुने वाटसरू म्हणत.

ते साल मानमोडीचं होतं. ताप यायचा, अंग ठणकायचं, तिसऱ्या दिवशी माणूस मान टाकायचं. अख्ख्या मोगलाईत घरटी एक तरी गेलं होतं. पाऊसही दगा देऊन गेलेला. दिवाळी झाली म्हणायची, म्हणजे तारीख उलटली एवढंच. त्या कार्तिकात छबुबाईकडं उतरणारे बहुतेक सगळे एकाच कामाला निघालेले असत: कुणाची तरी हाडं घेऊन गोदावरीला. अस्थी छपराखाली आणायच्या नसतात, म्हणून पोटल्या लिंबाला टांगायच्या. झाडाला इतक्या पोटल्या छबुबाईनं उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. तिनं त्यासाठीही नियम करून टाकला होता. टांगताना नाव घेऊन सांगायचं, बाबा रे, आज मुक्काम इथं. काढताना नाव घेऊन उठवायचं. आपलं माणूस आपल्या हाकेला येतं, असं तिचं म्हणणं.

शहादेव आणि त्याची सासू वत्सलाबाई दिवस मावळायला तिथं पोचली. लिंबागणेशच्या बाजूनं दोन दिवस चालून आली होती. गाडी जुंपायची तर बैलांना वाटेत वैरण कुठली घालायची, म्हणून पायीच. शहादेव पस्तिशीचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. छातीशी पांढऱ्या मांजरपाटाची पोटली बांधलेली.

"किती जण?" छबुबाईनं विचारलं.

"दोघं," शहादेव म्हणाला.

"तिघं," वत्सलाबाई मागून म्हणाली.

छबुबाईनं पोटलीकडं पाहिलं. "कोण?"

"माझी लेक. जानकी."

"लिंबावर जागा हाय. डाव्या फांदीला बांधा. अन् तुमी पाय धुवा, पाणी निवंल."

शहादेवानं पोटली फांदीला बांधली. नाव घेऊन सांगायचं काम वत्सलाबाईनं केलं. "जानके, आज हितं बस बाई. भिऊ नगं. लई माणसं हायती सोबतीला." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. शहादेव शेजारी उभा होता. त्याचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

हेच वत्सलाबाईला खुपत होतं. लेक जाऊन आठ दिवस झाले, जावयानं एक टिपूस काढलं नव्हतं. जानकीचे सासू-सासरे कधीच गेलेले, दीर-नणंद कुणी नाही, म्हणजे सासरकडून रडायला हा एवढा एकच होता आणि तो असा दगड. रडण्याचा हिशेब ठेवणारी माणसं गावोगाव असतात, त्यांना काय, दुसऱ्याचे डोळे पुसायच्या आधी ओले आहेत का ते बघतील. पण वत्सलाबाई तसल्यांतली नव्हती. ती आई होती, तिला लेकीसाठी तेवढं हवं होतं.

आणि शहादेवाला रडायचं नव्हतं असंही नाही. त्याला रडू येत नव्हतं. त्या पंधरवड्यात गावात चौदा मयती झाल्या. खांदा द्यायला धडधाकट गडी उरले चार, त्यातला हा एक. सकाळी एक तिरडी, दुपारी दुसरी. लाकडं फोडायची, ओढ्यावर न्यायची, घरी येऊन अंगावर पाणी घ्यायचं, तोवर पुढची हाक. सहाव्या दिवशी आठवी तिरडी पोचवून तो घरी आला तेव्हा जानकी तापानं फणफणली होती. मांजरसुंब्याहून तिची आई त्याच दिवशी आलेली, ती बाहेर ओसरीवर पथारी टाकून पडली. हा आत, जानकीच्या उशाशी बसला आणि बसल्या जागी कलंडला. झोपेत त्याला हाक ऐकू आली. "अहो, पाणी." तो म्हणाला, "उठतो." म्हणाला आणि उठला नाही. उजाडलं तेव्हा जानकी तांब्याच्या दिशेनं हात लांब करून पडली होती. हात थंड होता.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बारा वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. दुसरी कर म्हणून भावकीनं डोकं खाल्लं, तरी त्यानं ऐकलं नव्हतं. त्या बाईनं शेवटचं काय मागितलं, तर घोटभर पाणी. तेव्हापासून त्याच्या आत सगळं गप्प झालं होतं. भूक लागे, खाई. वाट दिसे, चाले. बास. मनात एवढीच एक गोष्ट होती की नदीला पोचायच्या आत तिला सांगायचं. मला ऐकू आलं होतं, मी उठलो नाही. त्याचा आजा म्हणायचा, हाडं पाण्यात पडेपर्यंत माणूस आपलं असतं, ऐकत असतं. पाण्यात गेलं की ते कुणाचा नवरा नाही, कुणाची बायको नाही. म्हणजे त्याच्या हातात आता एकच दिवस होता.

रात्री जेवणं झाली. नंतर आष्टीकडचं एक मोठं कुटुंब उतरलं, सात-आठ माणसं. त्यांचा म्हाताराही लिंबावर गेला, जानकीच्या शेजारीच, कारण दुसरीकडं फांदी मोकळी नव्हती. त्याही पोटलीला पांढरा मांजरपाटच. त्या साली सगळ्यांना तोच मिळत होता.

पहाटे वत्सलाबाई आडावर घागरी ओढायला गेली. "जावाईबापू, तिला उठवून घ्या," म्हणून सांगून गेली. शहादेव लिंबाखाली आला. तिथं आष्टीकडचे दोन गडी राखुंडीनं दात घाशीत उभे होते. बायकोचं नाव घ्यायचं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर बारा वर्षांत एकदाही नाही. घरात 'अगं' म्हटलं की ती यायची, दुसरं कोण होतं घरात? परक्या गड्यांसमोर त्याची जीभ उचलेना. 'अगं' म्हणावं तर पोटल्या बारा. त्यानं काही म्हटलं नाही. डाव्या फांदीची गाठ सोडली, पोटली छातीशी बांधली आणि निघाला.

"हाक मारली न्हवं?" वत्सलाबाईनं विचारलं.

"हां," तो म्हणाला.

गोदाकाठच्या राक्षसभुवनची वाट उजाड रानातून जाते. ज्वारी वीतभर वाढून जागच्या जागी वाळली होती. दिवस कासराभर वर आला तशी वत्सलाबाई मागं पडू लागली, तिच्या टाचेला भेग पडली होती. हा पुढं. दोघांत वीस-पंचवीस पावलांचं अंतर पडलं, तेव्हा शहादेवानं ठरवलं, आता.

त्यानं पोटलीवर हात ठेवला. "अगं," तो म्हणाला. "त्या रात्री तू पाणी मागितलंस. मला ऐकू आलतं. मी उठतो म्हणलो. उठलो न्हाई. झोप आलती. दुसरं कायबी न्हाई. नुसती झोप."

एवढंच. आठ दिवस जे सांगायचं राहिलं होतं ते चार पावलांत बोलून झालं. त्याला वाटलं होतं बोलल्यावर काही तरी हलेल. काही झालं नाही. एक होला उडाला, पुढच्या बांधावर बसला. शहादेव चालत राहिला. पण सांगून झालं होतं, तेवढं मात्र खरं.

दुपारी घाटावर पोचले. पाणी आटून पार मधल्या धारेला गेलेलं. काठावरच्या गुरुजींनी दोघांना बसवलं, पळी-पंचपात्र मांडलं आणि पोटली सोडायला सांगितली. शहादेवानं गाठ सोडली. वत्सलाबाई वाकून बघत होती. तिचा चेहरा बदलला.

"पुडी कुठं हाय?"

जानकी सवाष्ण गेली म्हणून तिनं स्वतःच्या हातानं अस्थींत हळदकुंकवाची पुडी घातली होती. ती नव्हती. तिनं बोटानं राख सारली. राखेतून चांदीचं एक जाड वळं निघालं, गड्याच्या मनगटातलं, जाळानं काळं पडलेलं.

"ही माझी लेक न्हाई," वत्सलाबाई म्हणाली. तिनं जावयाकडं पाहिलं. "तुमी हाक मारली न्हाई."

"न्हाई," शहादेव म्हणाला.

"कावून?"

 माणसं होती म्हणून लाजलो, असं सांगायचं तर ते सांगायलाही लाज वाटली. वत्सलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. गुरुजी भले होते, त्यांनी दक्षिणा मागितली नाही. म्हणाले, ज्यांचं आहे त्यांना नेऊन द्या, अजून वेळ गेलेली नाही. शहादेवानं राख पुन्हा बांधली. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की वाटेत जे बोललो ते जानकीला नाही, कुणा परक्या म्हाताऱ्याला सांगितलं. जानकी अजून लिंबावर असेल, या आशेवर तो परत वाटेला लागला. असली तर पुन्हा सांगता येईल. त्या रात्री वाटेतल्या एका वस्तीवर दोघं पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेत पोचल्या पोचल्या शहादेव लिंबाखाली गेला. डावी फांदी मोकळी होती.

"त्ये आष्टीवाले घेऊन गेले," झालेली अदलाबदल ऐकून छबुबाई म्हणाली. "त्यांच्यातल्या बंकटनं तीनदा हाक मारली, आबा चला, आबा चला. मी सोता ऐकलं." तिच्या नियमानं तिला असं तोंडघशी पाडलं होतं. पहिल्यांदाच तिला कुणाकडं बघता आलं नाही. "शहागडच्या घाटाला गेल्याती. परत ह्याच वाटंनं यायचे हायती. बसा."

बसले. भाकरी खाल्ली. दोघांच्या घागरी छबुबाईनं माफ केल्या, तरी शहादेवानं पाच ओढल्या, करायला दुसरं काही नव्हतं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा आष्टीवाले आले. गड्यांच्या ताज्या हजामती, बायकांचे चेहरे रडून सुजलेले, पण मोकळे. काम पार पाडून आलेली माणसं दिसतात तशी. पुढं बंकट, म्हाताऱ्याचा थोरला मुलगा. त्याच्या मागं म्हातारी केसरबाई.

शहादेवानं पोटली बंकटच्या पुढं केली आणि झालं ते सांगितलं. फार लांबण नव्हतं त्यात. बंकटनं पोटली उकलून वळं बघितलं आणि पोटली पुढ्यात घेऊन खाली बसला.

"हे आबांचंच हाय," तो म्हणाला. "मग आमी काल सोडलं ते कोण व्हतं?"

"पुडी निघाली न्हवं," वत्सलाबाईनं विचारलं, "हळदकुंकवाची?"

"निघाली. आमाला वाटलं, घरच्या बायकांनी घातली आसंल."

"ती माझी जानकी."

केसरबाईनं तोंडात बोटं घातली. मग ती येऊन वत्सलाबाईच्या पुढ्यात बसली. ठसठशीत बाई, मनात एक आणि ओठात एक असं तिला जमत नव्हतं. "बाई गं, म्या काय केलं आता? माझा मालक समजून लई रडले की मी तिच्या पुढं. वाळूत लोळले. चाळीस वर्साचं सगळं बोलले. मारलेलं बोलले, लुगडं आणलेलं बोलले. सुना रडल्या, ल्योक रडलं. आठ माणसं रडली तुझ्या लेकीला."

वत्सलाबाईनं तिच्या पदराला चिकटलेली वाळू हातानं झटकली.

"रडलात न्हवं? बरं झालं," ती म्हणाली. "तिच्या सासरकडनं कुणी रडलं न्हवतं."

हे तिनं टोचायला म्हटलं नव्हतं. पण शहादेव तीन हातांवर बसला होता आणि त्याला ते ऐकू आलं. जानकी गेली होती. शहागडच्या घाटावर, आबा म्हणून, परक्यांच्या हातानं, ढसाढसा रडणाऱ्या माणसांच्या मधे. पाणी मागितलं तेव्हा मी ऐकलं होतं, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं.

केसरबाईनं आपल्या नवऱ्याची पोटली मांडीवर घेतली, चापचोपून बघितली. "अन् तुमी? दोन दिस ह्यांस्नी गळ्यात घेऊन हिंडलात. काय बोललात का न्हाई?"

"न्हाई," शहादेव म्हणाला.

"बोलले," वत्सलाबाई म्हणाली. "मागनं मला दिसत व्हतं. पोटलीवर हात ठिवून बोलत व्हते."

"मग सांगा की," केसरबाई म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्याला काय सांगितलं ते मला कळाया पायजे. ऐकायचा न्हाई तसा कुणाचं. तुमचं ऐकलं आसंल, उठून जायची सोय न्हवती."

 बंकट आईला गप्प बस म्हणणार होता, तेवढ्यात शहादेव बोलला. केसरबाईला नाही, सासूकडं बघून. त्याच आवाजात, जसा रानात बोलला होता तसाच, सपाट.

"तिनं रात्री पाणी मागितलं व्हतं, मामी. मला ऐकू आलतं. उठतो म्हणलो अन् उठलो न्हाई. सकाळी तिचा हात तांब्याकडं व्हता. तुमी आत यायच्या आदी मी तो सरळ केला."

आडावरचा रहाट कुणीतरी सोडला होता, तो दोन-तीन आचके देऊन थांबला. शहादेवाला वाटलं, आता ही ओरडेल, तळतळाट देईल. देऊ दे. निदान कुणीतरी काही तरी देईल.

वत्सलाबाईनं जमिनीवरची एक काडी उचलली, मोडली.

"मी जागी व्हते," ती म्हणाली.

शहादेवाला कळलं नाही.

"ओसरीवर. मला दोनदा ऐकू आलं. पैल्या हाकंला उठून मी दारापातुर आलते, जावाईबापू. दार लोटलेलं व्हतं. आत जावाई निजलेला. रात्रीचं सासूनं कसं आत जावं? कुणी बघितलं तर काय म्हणंल, लेकीच्या घरी मुक्कामाला आले म्हणून गाव आधीच नावं ठेवत व्हतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले." तिनं मोडलेल्या काडीचे आणखी दोन तुकडे केले. "मग तुमचा आवाज आला. उठतो म्हणलात. म्हणलं, उठले. जाऊन पडले."

 केसरबाईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी येत होतं, तिचं काय, तिला कुणासाठीही रडता येत होतं. छबुबाई पितळ्या आवरायच्या निमित्तानं आत गेली. शहादेव सासूकडं बघत बसला. इतके दिवस ही बाई त्याच्या डोळ्यांत पाणी शोधत होती आणि इतके दिवस तो तिच्या नजरेआड होत होता. दारापासून तांब्या चार पावलांवर होता. त्याला राग आला नाही. रडूही आलं नाही. छातीत कुठंतरी दुखल्यासारखं झालं, नवीन वहाण चावते तसं, आणि ते थांबलं नाही, एवढं त्याला जाणवलं.

बंकट उठला. त्याला पुन्हा शहागड गाठायचं होतं. बायका-पोरांना इथंच ठेवून आपण एकट्यानं जाऊन यावं, असं त्याच्या मनात होतं. त्यानं पोटली आईकडून घेतली.

"शहागड किती कोस?" शहादेवानं विचारलं.

"पाच आसंल."

शहादेव उठला आणि दगडावरच्या आपल्या वहाणा घातल्या. मग वाकून सासूच्या वहाणा उचलल्या आणि तिच्या पायाशी आणून ठेवल्या. जावयानं सासूच्या वहाणेला हात लावलेला त्या अंगणात कुणी पाहिला नव्हता.

"आता तिथं काय हाय?" वत्सलाबाई म्हणाली. "ती पाण्यात गेली."

"तिला सांगायचं हाय. दोघांनी."

"ऐकंल व्हय ती आता?"

"न्हाई ऐकायची," शहादेव म्हणाला. "जानकी न्हाई ऐकायची. चला."

बायकोचं नाव आपण सगळ्यांदेखत घेतलं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. वत्सलाबाईच्या आलं. तिनं भेगाळलेला पाय वहाणेत घातला, तोंड आवळून टाच टेकवली आणि त्याच्या मागं निघाली.